गिझरचा खडखडाट

प्रश्न : आमच्या वाघोलीच्या सोसायटीत टँकरचे पाणी येते. गिझर तापताना खडखडतो आणि पाणी तापायला पूर्वीपेक्षा बराच वेळ लागतो. तो बदलावा का?

उत्तर : इतक्यात नको. टँकरचे पाणी बहुधा बोअरवेलचे, म्हणजे जड असते. ते तापले की त्यातील कॅल्शियमचे क्षार कॉइलवर पांढऱ्या खरपुडीसारखे बसतात आणि त्या थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन फुटते, तोच हा आवाज. एमसीबी (वीजपेटीतला गिझरचा स्विच) बंद करून प्लंबरकडून कॉइल साफ करून घ्यावी. त्याच वेळी आतला मॅग्नेशियमचा रॉडही पाहावा. टाकीऐवजी तो स्वतः गंजतो, त्यामुळे झिजून तारेएवढा उरला असेल तर लगेच बदलावा (आमच्याकडचा हातात घेताच मोडला). थर्मोस्टॅट ६० अंशांच्या वर ठेवू नये, कारण त्यापुढे क्षार झपाट्याने साचतात.