टाइप करताना कर्सर उड्या मारतोय?
लॅपटॉप असेल तर व्हायरसची शंका तूर्त बाजूला ठेवा. बहुतेक वेळा तळहात नकळत टचपॅडला लागतो, त्याला तो टॅप समजतो आणि कर्सर भलत्याच ओळीत जाऊन बसतो. माउस जोडा, टचपॅड पूर्ण बंद करा नि पानभर टाइप करून बघा. उड्या थांबल्या तर चोर सापडला. मग सेटिंग्जमध्ये टचपॅडची संवेदनशीलता कमी करा. ड्रायव्हरच्या (टचपॅड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) नादाला त्यानंतरच लागा. नाही थांबल्या तर माउसही काढून बघा. तरीही कर्सर सरकतोय? बाणाचं एखादं बटण अडकलेलं असेल.

एका बाबतीत मात्र हयगय नको: टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, दुरुस्तीला द्या. दाबून बसवायला जाऊ नका.