थीमची फाइल उघडण्याआधी फिल्टर शोधा

वर्डप्रेसच्या मूळ थीमच्या (साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइल्सच्या संचाच्या) फंक्शन्स फाइलमध्ये (functions.php) थेट बदल करू नका. थीमचं पुढचं अपडेट आलं की सगळं पुसलं जातं. मी असा दोन दिवसांचा कोड एकदा गमावलाय, म्हणून कळकळीने सांगतोय. आधी चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमवर आधारलेली तुमची वेगळी थीम, करा आणि तिच्या फंक्शन्स फाइलमध्ये फिल्टर, म्हणजे वर्डप्रेसची किंमत वाटेत बदलणारं फंक्शन, लिहा.

सुरुवातीला उताऱ्याची लांबी बदलून बघा. वर्डप्रेस आपोआप ५५ शब्दांचा उतारा काढतं. 'एक्सर्प्ट लेंग्थ' (excerpt_length) या हुकवर, म्हणजे वर्डप्रेसने तुमचा कोड जोडायला ठेवलेल्या जागेवर, तुमचं फंक्शन जोडा आणि त्यातून ३० परत करा, झालं. हे 'रिटर्न' मात्र विसरायचं नाही. फिल्टर म्हणजे हातात आलेली किंमत बदलून पुढे देणं. काहीच परत केलं नाही, तर पुढे रिकामी किंमत जाते आणि चूक सापडता सापडत नाही.

कस्टमायझरमधल्या, म्हणजे थीमचं रूप बदलायच्या स्क्रीनवरच्या, सेटिंगलाही हेच चालतं: 'थीम मॉड' (theme_mod) आणि पुढे अंडरस्कोर देऊन सेटिंगचं नाव, की हुक तयार. डेटाबेसमधली किंमत तशीच राहते, फिल्टर काढला की जुनी दिसते.

सगळं बरोबर लिहूनही फरक पडत नसेल, तर प्रायॉरिटी बघा, म्हणजे फिल्टर कोणत्या क्रमाने चालायचा तो आकडा; लहान आकडा आधी चालतो. चाइल्ड थीमची फंक्शन्स फाइल मूळ थीमच्या आधी लोड होते. दोघांची प्रायॉरिटी १० असेल, तर मूळ थीमचा फिल्टर साधारणपणे नंतर चालतो आणि त्याचंच खरं ठरतं. तुमची २० करून बघा.