फाइल उघडत नाही? आधी तिची प्रत काढ

चित्राची फाइल खराब होऊन उघडत नसेल, तर सगळ्यात आधी मूळ फाइलला हात लावू नकोस. तिची प्रत काढ आणि जे काही प्रयोग करायचेत ते प्रतीवरच कर. त्या ड्राइव्हवर नवीन काही सेव्हही करू नकोस. जुन्या आवृत्तीचे उरलेसुरले अंश तिथेच असू शकतात आणि नवीन डेटा त्यांच्यावरच लिहिला जाऊ शकतो.

मग फाइलचा आकार बघ. शून्य केबी असेल तर तिच्यात काहीच नाही, दुरुस्तीच्या नादी न लागता बॅकअप शोध. आकार ठीक दिसतो पण हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधला कच्चा डेटा आकड्यांत दाखवणारं सॉफ्टवेअर) सगळी शून्यंच, असंही होतं, विशेषतः सेव्ह होताना वीज गेली तर. अशा फाइलसाठी 'रिपेअर' सॉफ्टवेअर विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरची फाइल असेल तर आशा बरीच आहे. केआरए, म्हणजे क्रिताची फाइल, ही मुळात झिपच असते. प्रतीचं एक्स्टेन्शन बदलून झिप कर आणि उघड. आत 'मर्ज्डइमेज' (mergedimage.png) नावाची पीएनजी सापडली तर लेयर्स गेले तरी पूर्ण चित्र हाती लागतं. झिप तुटलेली असेल तर सेव्हन-झिप या झिप उघडणाऱ्या सॉफ्टवेअरने उघडून बघ, कधी कधी अर्धंमुर्धं निघतं. त्याच फोल्डरमध्ये नावाच्या शेवटी ~ असलेली फाइल दिसते का? ती आधीच्या सेव्हची बॅकअप. (लपलेल्या फाइल्स दिसतील अशी सेटिंग करून ऑटोसेव्ह, म्हणजे आपोआप सेव्ह झालेली प्रतही शोध.)

पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाइल असेल, तर फोटोशॉपने नाकारलेली फाइल जिंप (आणखी एक चित्रांचं सॉफ्टवेअर) किंवा क्रितामध्ये उघडून बघ. तू कोणतं सॉफ्टवेअर वापरतोस आणि नेमका एरर काय येतो, ते सांग.