वाशीच्या भावे नाट्यगृहात मध्यंतरात ऐकलं, की पहिला चॅटबॉट म्हणजे 'ती फुलराणी'तली मंजुळाच. खरं आहे का?

मंजुळा नव्हे, पण तिची सख्खी नातेवाईक म्हणायला हरकत नाही. दोघींचं मूळ एकच: बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'मधली एलायझा डूलिटल. पु. लं.नी १९७५ साली तिची मंजुळा केली. त्याआधी, १९६६ मध्ये, अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी आपल्या गप्पा मारणाऱ्या प्रोग्रॅमला 'एलायझा' नाव दिलं. कारण त्यांच्या शोधनिबंधातच आहे: नाटकातल्या एलायझासारखंच, शिकवणारा असेल तर हिचंही बोलणं सुधारत नेता येतं. समज शून्य, हं. वाक्यात 'आई' शब्द दिसला की ती म्हणायची, घरच्यांबद्दल अजून सांगा. 'माझं'चं 'तुमचं' करून तुमचंच वाक्य प्रश्न म्हणून परत. तरी वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीने तिच्याशी बोलताना त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं होतं!

शॉचं शीर्षक त्याहून जुनं. रोमन कवी ओव्हिडच्या काव्यात पिग्मॅलियन हस्तिदंताची बाई कोरतो, तिच्या प्रेमात पडतो आणि प्रेमाची देवता व्हीनस तिला जिवंत करते. (तिथे त्या पुतळीला नावच नाही, 'गॅलाटिया' हे नंतर चिकटलं.)

एक मात्र लक्षात घ्या: या एलायझाला ना चेहरा होता ना आवाज, आणि तिची गाजलेली स्क्रिप्ट (उत्तरं कशी द्यायची याचे नियम) मानसोपचारतज्ज्ञाची नक्कल करायची. बाईपण फक्त नावापुरतं. बाईच्या आवाजातले डिजिटल सहायक आले ते पुष्कळ नंतर.