वाचकांचे प्रश्न: परक्या फौजांचे हल्ले आणि त्यात मरणारे नागरिक

प्रश्न: ड्रोनच्या कॅमेऱ्यातून माणसाच्या हातातली वस्तूसुद्धा दिसते म्हणतात. मग निरपराध लोक मारले जातातच कसे? (एक वाचक, सांगली)

उत्तर: दिसतं पुष्कळ. घोळ होतो तो दिसलेल्याचा अर्थ लावताना. काबूलमधला २९ ऑगस्ट २०२१ चा अमेरिकी हल्ला घ्या. तीनच दिवस आधी विमानतळाच्या फाटकाजवळ आत्मघाती स्फोटात १३ अमेरिकी सैनिक आणि सुमारे १७० अफगाण गेले होते. पुढचा हल्ला पांढऱ्या टोयोटा कोरोलातून होणार, अशी खबर होती. पण काबूलमध्ये पांढऱ्या कोरोला पैशाला पासरी. त्यातल्या एका गाडीवर सुमारे आठ तास वरून नजर ठेवली गेली. चालक एका मदतसंस्थेचा कर्मचारी होता आणि त्याने गाडीत पाण्याचे कॅन ठेवले होते. आधीच मनात संशय असल्यामुळे पाहणाऱ्यांना ती स्फोटकं वाटली. हेलफायर क्षेपणास्त्राने १० जण मारले गेले, त्यांत ७ मुलं. १७ सप्टेंबरला पेंटागॉनने चूक मान्य केली. पुढच्या चौकशीत दिसून आलं की हल्ल्याच्या दोन मिनिटं आधी चित्रणात एक मूल आलं होतं. मात्र त्या घाईत ते नजरेतून सुटणं सहज शक्य होतं, असंही चौकशी अधिकाऱ्याने म्हटलं.

यावर आणखी महागडा कॅमेरा आणून काही साधत नाही. नियंत्रण कक्षात एका माणसाला विरोधी बाजू मांडण्याचंच काम द्यावं लागतं: ‘हा साधा नोकरदार असता, तर आठ तासांत आपल्याला वेगळं काय दिसलं असतं?’ ऑगस्ट २०२२ मध्ये पेंटागॉनने नागरिकांची हानी कमी करण्याचा जो आराखडा काढला, त्यात या पूर्वग्रहावरच्या उपायांना जागा होती. पण हल्ला थांबवण्याचा अधिकार नसेल, तर असा माणूस नुसता शोभेचा.

अफगाणिस्तानातल्याच कुंदूझची गोष्ट निराळी. ३ ऑक्टोबर २०१५ च्या रात्री अमेरिकेच्या एसी-१३० लढाऊ विमानाने तिथल्या ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय मदतसंस्थेच्या रुग्णालयावर मारा केला, ४२ जण मारले गेले. रुग्णालयाचे अक्षांश-रेखांश संस्थेने काही दिवस आधीच कळवले होते आणि लष्कराच्या ‘मारा करू नये’ यादीत ते रुग्णालय होतंही. मात्र विमान ठरल्या वेळेआधी, पूर्ण सूचना न घेताच उडालं आणि हवेत असताना त्याची संदेशयंत्रणा बिघडली. लक्ष्य म्हणून दिलेला बिंदू मोकळ्या शेतात निघाला. तेव्हा वैमानिकदलाने वर्णनाशी जुळणारी जवळची मोठी इमारत हेरली. ती रुग्णालयाची होती. यादी मुख्यालयात पडून राहिली तर तिचा उपयोग शून्य; विमानात ती हवीच. शिवाय बिंदू आणि वर्णन जुळत नसेल, तर मारा थांबवायचा हा नियम आधीच पक्का हवा.

प्रश्न: लहान बॉम्ब वापरले तर हानी टळेल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: कमी होईल, टळेलच असं नाही. १७ मार्च २०१७ ला मोसूलमध्ये छपरावरच्या दोन बंदूकधाऱ्यांसाठी अमेरिकेने एकच ५०० पौंडी (सुमारे २२७ किलो) बॉम्ब टाकला. अमेरिकी चौकशीनुसार १०५ नागरिक मेले. इमारतीत आयसिसने ठेवलेली स्फोटकंही उडाली, असा त्या चौकशीचा निष्कर्ष होता. तळमजल्यावर लोक आश्रयाला बसलेत हे हल्ला मागणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. इराकमधल्याच हवीजात जून २०१५ मध्ये डच विमानांनी बॉम्ब बनवण्याच्या कारखान्यावर हल्ला केला, तेव्हाही आतल्या साठ्याच्या स्फोटाने किमान ७० नागरिक गेले. नेदरलँड्सने आपला सहभाग उघड केला तो २०१९ मध्ये. म्हणून वजनाआधी विचारायचं ते असं: आत कोण आहे, आणि आत काय साठवलंय?

प्रश्न: घरचं माणूस गेलं, तर त्या कुटुंबाने दाद कुठे मागायची? (एक वाचक, पणजी)

उत्तर: सगळ्यात कच्चा दुवा हाच. अमेरिकेचा परदेशी दाव्यांचा कायदा १९४२ चा, पण लढाईत झालेलं नुकसान त्यात बसत नाही. उरते ती सानुग्रह रक्कम, जी दिल्याने दोष कबूल केला असं धरत नाहीत. कुंदूझमध्ये मृतामागे ६,००० आणि जखमीमागे ३,००० डॉलर दिले गेले. २०१९ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने अशा मदतीसाठी वर्षाला ३० लाख डॉलरपर्यंत तरतूद केली. त्यातून अगदी थोडी रक्कम खर्च झाली आहे.

तक्रार पुष्कळदा ‘आमच्या नोंदीत त्या ठिकाणी हल्लाच नाही’ एवढ्यावर फेटाळली जाते. त्यामुळे नोंद काटेकोर हवी. गावाचं नाव पुरत नाही; एकाच नावाची चार गावं असतात आणि रोमन लिपीत त्यांची स्पेलिंगंही वेगळी पडतात. फोनवरून घराचे अक्षांश-रेखांश घ्यावेत. वेळ स्थानिक आणि जागतिक (यूटीसी, म्हणजे ग्रीनिचची) अशी दोन्ही लिहावी, कारण लष्करी नोंदी सहसा जागतिक वेळेत असतात. अफगाणिस्तान साडेचार तास पुढे आहे, म्हणजे तिथली ३ तारखेची पहाटे दोनची घटना नोंदीत २ तारखेच्या रात्री साडेनऊला सापडेल. चुकीची तारीख दिली की हल्ला ‘सापडत नाही’. बॉम्बच्या तुकड्यांचे फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून, पण हात न लावता काढावेत. न फुटलेला दारूगोळा जवळपास असू शकतो. मृत्यूचे दाखले, नातं दाखवणारी कागदपत्रं, शेजाऱ्यांचे वेगवेगळे जबाब जोडावेत. मूळ प्रती कुणालाही देऊ नयेत.

प्रश्न: संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय जवान असतात. तिथे भरपाईचा हाच नियम लागू होतो का? (निवृत्त सैनिक, सातारा)

उत्तर: तिथली चौकट वेगळी. आमसभेच्या १९९८ च्या ठरावानुसार मृत्यू किंवा इजेबद्दल एका व्यक्तीमागे जास्तीत जास्त ५०,००० डॉलर मिळू शकतात. दावा घटनेपासून, किंवा नुकसान ध्यानात आल्यापासून, सहा महिन्यांत करावा लागतो. मोहीम संपून वर्ष झालं की तो रस्ताही बंद. कारवाईची लष्करी गरज म्हणून झालेलं नुकसान यातून वगळलेलं आहे. पैसे संयुक्त राष्ट्रं देतात. जवानाचा घोर निष्काळजीपणा किंवा मुद्दाम केलेलं गैरकृत्य असेल, तरच ते सैन्य पाठवणाऱ्या सरकारकडून वसूल करता येतात.