‘भुयारी मेट्रो’ आणि मातापूर

‘भुयारी मेट्रो’ ही ‘पिवळा पीतांबर’सारखी द्विरुक्ती नाही का, असा प्रश्न आला आहे. नाही! मेट्रो म्हणजे जमिनीखालची गाडी, हे ऐकून ऐकून कान किटले. त्या शब्दात भुयार कुठेच नाही.

१९ जुलै १९०० रोजी, जागतिक प्रदर्शन भरलेले असताना, पॅरिसमध्ये पोर्त दे व्हँसेन ते पोर्त मायो ही पहिली मार्गिका सुरू झाली. कंपनीच्या लांबलचक नावात ‘मेत्रोपोलितँ’, म्हणजे महानगरी, हे विशेषण होते. वास्तुकार एक्तोर गिमारच्या लोखंडी प्रवेशद्वारांवर तेच वळणदार अक्षरांत झळकले, आणि लोकांनी त्याचे ‘मेत्रो’ केले. त्याच महिन्याच्या ३० तारखेला लंडनमध्ये दोन पेनी भाड्याची नवी विजेची गाडी लोकांसाठी खुली झाली; तिला नाव पडले ‘ट्यूब’. न्यूयॉर्कची १९०४ची ‘सबवे’. ट्यूबमध्ये नळी आहे, सबवेत खालची वाट आहे, मेट्रोत फक्त शहर आहे. पॅरिसची दुसरी मार्गिका १९०३ पासून काही अंतर खांबांवरून धावते, तरी तीही मेत्रोच.

१८६३च्या ‘मेट्रोपॉलिटन रेल्वे’कडे बोट दाखवून शब्दाचे सगळे श्रेय लंडनला देणारे कोशप्रेमी मला पटत नाहीत. विशेषण तिथले असेल. जगभर गेलेला आखूड शब्द पॅरिसचा. आणि ‘मीटर’वरून मेट्रो आणणाऱ्यांनी तर गप्पच बसावे. मीटरच्या मुळाशी ग्रीक ‘मेत्रॉन’, म्हणजे माप.

मेट्रोच्या मुळाशी ग्रीक ‘मेतेर’ आहे, म्हणजे आई! तिला ‘पोलिस’, म्हणजे नगर, जोडले की झाली मातृनगरी: जिच्यातून माणसे बाहेर पडून नवी वसाहत वसवतात ती, जशी सिसिलीतल्या सिराक्यूजची मातृनगरी ग्रीसमधली कॉरिंथ. ‘मेतेर’ आणि ‘मातृ’ सख्ख्या बहिणी, ‘पोलिस’ आणि ‘पुर’ही एकाच कुळातले. म्हणजे मेट्रोपोलिसचे घटक आपल्या भाषेत मांडले तर शब्द होतो मातापूर, रेणुकेच्या माहूरचे जुने नाव! ‘नूपुर’मधला प झिजून प्राकृतात ‘णेउर’ झाले, तसेच मातापूरमधले त आणि प झिजून माऊर, माहूर झाले, असे माझे ठाम मत आहे. माहूरचा संबंध ‘मयूर’शी लावणारेही भेटतात. पण मराठीने मयूरचा ‘मोर’ केला. त्याचाच माहूर कसा होईल?