पॅसिफिक कुठे, आपण कुठे!

प्रश्न : ‘एल निनो’ची, म्हणजे पॅसिफिक महासागराचं पाणी तापल्याची, बातमी आली की आमच्याकडे पेरणीची धास्तीच बसते. इतक्या दूरच्या समुद्राशी आपल्या पावसाचं नातं जोडलं कुणी?

उत्तर : गिल्बर्ट वॉकर यांनी. केंब्रिजचे गणिती. १९०४ मध्ये भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले, तेव्हा हवामानशास्त्राशी त्यांचा संबंध नव्हता. बूमरँग फेकण्यात मात्र पटाईत! १८९९ चा दुष्काळ अजून ताजा होता. त्यांनी जगभरच्या वेधशाळांचे आकडे गोळा केले आणि कारकुनांना हाताने आकडेमोड करायला बसवलं. त्यातून दिसलं, की पॅसिफिकवर हवेचा दाब चढला की हिंदी महासागरावर उतरतो, आणि उलटही. हाच तो ‘सदर्न ऑसिलेशन’चा झोका. एल निनोशी त्याची गाठ हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्येर्कनेस यांनी घातली, तीही १९६० च्या दशकात. मध्य-पूर्व पॅसिफिकचं पाणी तापलं की ढग तिकडे सरकतात. आपल्याकडची हवा खाली दबते, ढगांना उभारी मिळत नाही.

पण लगेच बियाणं माळ्यावर टाकू नका. १९९७ चा एल निनो जबरदस्त होता, तरी देशभराचा पाऊस सरासरीइतका झाला. त्या वर्षी हिंदी महासागराची पश्चिम बाजू तापली होती, तिने एल निनोचा फटका सौम्य केला असं मानतात. मी तरी एल निनोच्या मथळ्याआधी जूनचा आठवडी अंदाज वाचतो.